माइटोकॉन्ड्रियाच्या आजारात रक्त का बिघडतं आणि रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. बहिणीच्या मुलाला माइटोकॉन्ड्रियाचा (पेशीच्या आत ऊर्जा बनवणारे छोटे कारखाने) आजार निघाला तेव्हापासून त्याची फाईल माझ्याकडे असते, कारण घरात आकडे बघून घाबरत नाही अशी मी एकटीच. आणि त्या फाईलने मला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी असं दरवेळी नसतं. भाच्याचं हिमोग्लोबिन पहिल्यांदा खाली आलं तेव्हा फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा दाखवणारी टेस्ट, कुणी बघितलंच नाही, सरळ लोहाचं सिरप सुरू, चार महिने पोटदुखी आणि काळी शी, आकडा जागचा हलला नाही, आणि मग एका डॉक्टरांनी फेरिटिन करायला लावलं तर ते नॉर्मलच्या बरंच वर. लोह अंगात भरपूर होतं, वापरता येत नव्हतं. त्या चार महिन्यांची चीड अजून गेली नाहीये, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

आधी हे समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल

गंमत अशी की पूर्ण तयार झालेल्या तांबड्या पेशीत माइटोकॉन्ड्रिया नसतातच. ती नुसतं ग्लुकोज वापरून साधारण १२० दिवस जगते. मग माइटोकॉन्ड्रियाच्या आजाराशी तिचा संबंध काय? तर बिघाड होतो तो ती बनत असताना, बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात. हिमोग्लोबिनमधलं हीम बनायला ८ पायऱ्या लागतात, त्यातली पहिली आणि शेवटच्या ३ माइटोकॉन्ड्रियात होतात, मधल्या ४ बाहेर. अगदी शेवटच्या पायरीला लोह बसवलं जातं. आत काही अडलं की हीम बनत नाही पण लोह मात्र येतच राहतं, तिथेच साठतं, आणि असे लोहाने गच्च भरलेले माइटोकॉन्ड्रिया पेशीच्या केंद्रकाभोवती कडं करून बसतात. लोहाचा निळा स्टेन दिला की हे कडं मायक्रोस्कोपखाली दिसतं, त्या पेशीला रिंग सायडरोब्लास्ट म्हणतात आणि असल्या अ‍ॅनिमियाला सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमिया. म्हणजे विटांचे ट्रक येतायत, गवंडी कामावर नाहीत, आणि आपण सिरप पाजून अजून विटा मागवतोय.

पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटही मॅरोतच बनतात, आणि न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) तर काही तासांपासून काही दिवस एवढंच जगतात, त्यामुळे मॅरोला त्यांचं उत्पादन सतत चालू ठेवावं लागतं आणि ऊर्जा कमी पडली की तिथे ओढाताण लगेच दिसते. पण हेही खरं की माइटोकॉन्ड्रियाचा आजार असलेल्या कित्येकांचं सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी) अगदी नॉर्मल असतं, त्यामुळे निदान झालं म्हणजे रक्त बिघडणारच असं धरून चालू नका.

पायरी १: पहिला पूर्ण सेट एकदा करून ठेवा

तब्येत बरी असताना, ताप-सर्दी नसताना. डिफरन्शियलसकट (पांढऱ्या पेशींचे प्रकार वेगळे मोजून) सीबीसी, स्मिअर म्हणजे काचपट्टीवर पेशी डोळ्याने बघून दिलेला रिपोर्ट, रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या तांबड्या पेशींचा काउंट, फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, बी१२, फोलेट, क्रिएटिनिन, लिव्हरच्या टेस्ट, थायरॉइड, आणि रक्तात काही गडबड असेल तर कॉपर आणि सेरुलोप्लाझमिन (रक्तात कॉपर वाहून नेणारं प्रोटीन). स्मिअर बऱ्याचदा राहून जातो कारण मशीनने आकडे दिलेले असतात, तो मागून घ्या. फेरिटिन तापात, सुजेत आपोआप वर जातं म्हणून बरं असतानाच करायचं, आजारपणात आलेला नॉर्मल फेरिटिनचा आकडा खोटा दिलासा देतो.

लहान मूल असेल तर सगळ्या टेस्ट एकाच वेळी, एकाच सुईत, आणि छोट्या ट्यूबमध्ये करता येतात का विचारा. आधीच अ‍ॅनिमिया असलेल्या बाळाचं दर आठवड्याला रक्त काढत राहिलं तर तेही अ‍ॅनिमियाचं एक कारणच होतं.

एक गोष्ट फार कमी लोक सांगतात. आपल्या पेशंटपैकी बरेच जण व्हिटॅमिनांचं कॉकटेल घेतात आणि त्यात बायोटिन हे बी गटातलं व्हिटॅमिन मोठ्या डोसमध्ये असतं. काही लॅबच्या टेस्टच बायोटिनवर आधारलेल्या असतात, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असेल तर टीएसएच, फेरिटिन खोटं कमी दिसू शकतं आणि बी१२ खोटं जास्त. टेस्टच्या आधी किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना विचारा (बायोटिनेज डेफिशियन्सीसारख्या आजारात ते औषध म्हणून चालू असेल तर स्वतःच्या मनाने अजिबात थांबवू नका, फक्त लॅबला सांगा).

पायरी २: सीबीसी कसा वाचायचा

एकटं हिमोग्लोबिन बघू नका. तीन कुटुंबं आहेत, तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट. त्यातलं कोण घसरतंय, एकटं की सगळे मिळून, हा पहिला प्रश्न. मोठ्या माणसांत पुरुषाला १३ आणि बाईला १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे अ‍ॅनिमिया धरतात, मुलांचे आकडे वयाप्रमाणे बदलतात म्हणून रिपोर्टवरची रेंज मुलाच्या वयाची आहे का तेवढं तपासा, कधीकधी मोठ्यांचीच छापलेली असते.

मग एमसीव्ही, म्हणजे पेशीचा सरासरी आकार. मोठ्या माणसात साधारण ८० ते १००. लहान पेशी म्हटलं की सगळ्यांना लोहाची कमतरता आठवते, पण थॅलेसेमिया आहे आणि काही आनुवंशिक सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमियाही आहेत, हीमच्या पहिल्या पायरीचं एन्झाइम बनवणाऱ्या एएलएएस२ जीनमधला बिघाड त्यातला मुख्य, त्यातही पेशी लहानच दिसतात. इथेच आमच्यासारखी माणसं सिरपच्या खड्ड्यात पडतात. पेशी मोठ्या असतील तर बी१२, फोलेट, थायरॉइड, काही औषधं, आणि लहान बाळात असेल तर पिअरसन सिंड्रोम (माइटोकॉन्ड्रियाचाच एक आजार, पायरी ४ मध्ये सांगते). आणि एमसीव्ही नॉर्मल पण शेजारचा आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात किती फरक आहे तो आकडा) बराच वर असेल तर दोन जातीच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात, काही लहान काही मोठ्या, सरासरी काढली की मधलाच आकडा येतो. हे स्मिअरवरच पकडता येतं, म्हणून मघाशी स्मिअरचा एवढा हट्ट.

पांढऱ्या पेशींत टक्क्यांवर जाऊ नका, एएनसी म्हणजे न्यूट्रोफिलचा प्रत्यक्ष आकडा बघा. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे टक्के भागिले १००, एवढाच हिशोब. एकूण ४,००० आणि न्यूट्रोफिल २५ टक्के तर १,०००. १,५०० च्या खाली न्यूट्रोपेनिया, ५०० च्या खाली गंभीर. रिपोर्टवर एएनसी छापलेला नसेल तर पेनाने शेजारी लिहून ठेवा.

प्लेटलेट अचानक खूप कमी आल्या आणि अंगावर डाग नाहीत, नाकातून-हिरड्यांतून रक्त नाही, तर आधी रिपोर्टवर संशय घ्या. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमधल्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन त्या मोजतच नाही. स्मिअरवर गुच्छ दिसतात का विचारा, निळ्या टोपीच्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत केलं की बऱ्याचदा आकडा जागेवर येतो.

पायरी ३: साधी कारणं आधी खोडून काढा

मोठ्या आजाराचं नाव फाईलवर लागलं ना की मग सगळंच त्याच्या खात्यावर जातं. खरं तर आपल्या पेशंटला साध्या कमतरतासुद्धा होतातच, किंबहुना जास्तच होतात, कारण खाणं कमी, उलट्या, आतडं मंद, ट्यूबमधून फीड, किडनीवर परिणाम. खरोखरची लोहाची कमतरता असेल तर लोह द्यायलाच हवं, माझं भांडण लोहाशी नाही, न तपासता देण्याशी आहे.

कॉपरबद्दल मुद्दाम लिहिते. कॉपर कमी झालं की अ‍ॅनिमिया होतो, न्यूट्रोफिल पडतात, मॅरोमध्ये रिंग सायडरोब्लास्ट दिसतात आणि पेशींत पोकळ्या, म्हणजे व्हॅक्युओल, पण दिसतात. हुबेहूब पिअरसनसारखं चित्र. आणि वर नसांवर परिणाम होऊन चालणं बिघडतं, तेही लोक माइटोकॉन्ड्रियाच्याच नावावर टाकतात. कॉपर कमी होण्याचं एक ठळक कारण म्हणजे जास्त दिवस जास्त झिंक घेणं. कॉकटेलमधल्या सगळ्या बाटल्यांवरची झिंकची बेरीज एकदा करून बघा, दोन-तीन बाटल्यांत वेगवेगळं लपलेलं असतं. हे पकडलं गेलं तर झिंक बंद करून आणि कॉपर देऊन रक्त सुधारतं, एवढी स्वस्तात सुटका ह्या आजारात दुसऱ्या कशात नाही.

मग औषधं. लिनेझोलिड आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही अँटिबायोटिक जंतूंचं प्रोटीन बनवणं थांबवतात, आणि माइटोकॉन्ड्रियाची प्रोटीन बनवायची यंत्रणा जंतूंसारखीच असल्यामुळे तिलाही मार बसतो. मॅरो दबतो, लिनेझोलिडने लॅक्टेटही (ऊर्जा नीट बनली नाही की रक्तात साठणारं आम्ल) चढतं, दोन आठवड्यांच्या पुढे गेलं की प्लेटलेट घसरायचा धोका वाढतो. कधी दुसरा पर्याय नसतो तेव्हा द्यावं लागतं, पण मग सीबीसी दर आठवड्याला. टीबीच्या आयसोनायाझिडमुळे बी६ कमी पडून सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमिया होऊ शकतो. फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट प्लेटलेट कमी करू शकतं, आणि पीओएलजी जीनचा आजार असेल तर लिव्हर फेल होण्याच्या धोक्यामुळे ते द्यायचंच नसतं. पण फिट्सचं कुठलंही औषध घरच्या घरी झटक्यात बंद करायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.

पायरी ४: रक्तावरूनच ओळख पटणारे काही आजार

पिअरसन सिंड्रोमची ओळख तर रक्तावरूनच होते. १९७९ मध्ये डॉ. हॉवर्ड पिअरसन आणि सहकाऱ्यांनी चार मुलांचं वर्णन केलं, रक्त चढवल्याशिवाय न भागणारा अ‍ॅनिमिया, मॅरोतल्या पेशींत पोकळ्या, आणि स्वादुपिंड पचनाचे रस नीट सोडत नाही. पुढे १९८९ मध्ये कारण सापडलं, माइटोकॉन्ड्रियाच्या स्वतःच्या डीएनएतला एक मोठा तुकडाच गायब. हा डीएनए आहेच मुळात छोटासा, १६,५६९ अक्षरं आणि ३७ जीन, त्यातून काही हजार अक्षरं गेली की काय राहतं. हे बहुतेक वेळा आईबाबांकडून आलेलं नसतं, आपोआप घडलेलं असतं, म्हणून आईने स्वतःला दोष देणं थांबवावं (हे वाक्य माझ्या बहिणीला मी किती वेळा ऐकवलं असेल). सुरुवातीला बऱ्याचदा डायमंड-ब्लॅकफॅन अ‍ॅनिमिया (मॅरोत तांबड्या पेशी नीट न बनण्याचा एक वेगळा जन्मजात आजार) समजून उपचार सुरू होतात. तसं निदान मिळालं असेल पण जीन सापडत नसेल, लॅक्टेट वर असेल, वजन वाढत नसेल, शी तेलकट असेल, तर माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतल्या डिलीशनची, म्हणजे गायब तुकड्याची टेस्ट झाली का हे विचाराच.

पिअरसनमधली विचित्र गोष्ट म्हणजे जी मुलं पहिली काही वर्षं तरून जातात त्यांचं रक्त पुष्कळदा आपोआप सुधारतं, कारण मॅरोमध्ये बिघडलेल्या पेशी मागे पडतात आणि बऱ्या पेशी पुढे निघून जातात. घरात आनंद होतो, आणि होऊ द्या, पण स्नायू, डोळा, हृदय इथल्या पेशी अशा बदलत नाहीत आणि पुढे ह्याच मुलांत कर्न्स-सेअर सिंड्रोमची लक्षणं येऊ शकतात, पापण्या पडणं, रेटिनाचा त्रास, हृदयातले विजेचे संदेश अडून हार्ट ब्लॉक. रक्त सुधारलं म्हणून ईसीजी आणि डोळ्यांच्या तपासण्या सोडायच्या नाहीत.

बार्थ सिंड्रोम मुख्यतः मुलग्यांत, टॅफाझिन जीनमुळे. हृदयाचा स्नायू कमजोर आणि न्यूट्रोफिल कमी. चकवा असा की न्यूट्रोफिल कधी पडतात कधी नॉर्मल असतात, त्यामुळे एका चांगल्या रिपोर्टवर विसंबायचं नाही, तोंडात सारखे अल्सर येतायत, इन्फेक्शन होतायत तर काही आठवडे परत परत मोजायचं.

बाकीचे थोडक्यात. स्नायूंचा अशक्तपणा, लॅक्टेट जास्त आणि सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमिया असं त्रिकूट असेल तर त्याला एमएलएएसए म्हणतात, पीयूएस१ आणि वायएआरएस२ हे जीन बघतात. अ‍ॅनिमियासोबत वारंवार ताप आणि प्रतिकारशक्ती कमी असेल तर टीआरएनटी१ जीन. मोठ्या पेशींचा अ‍ॅनिमिया, डायबिटिस आणि बहिरेपण एकत्र दिसलं तर थायमिन रिस्पॉन्सिव्ह अ‍ॅनिमिया, तो नेमका माइटोकॉन्ड्रियाचा आजार म्हणून मोजत नाहीत पण चेहरा इतका सारखा की गल्लत होते, आणि मोठ्या डोसच्या थायमिनने (बी१ व्हिटॅमिन) रक्त सुधारतं म्हणून तो चुकवून चालत नाही.

पायरी ५: सॅम्पल कुठलं द्यायचं

माइटोकॉन्ड्रियाचा बिघडलेला डीएनए अंगात सगळीकडे सारखा नसतो. ३२४३ नंबरचं म्युटेशन, मेलास (स्ट्रोकसारखे झटके येणारा माइटोकॉन्ड्रियाचा आजार) ज्यामुळे बहुतेक वेळा होतो ते, रक्तात वयाबरोबर कमी कमी होत जातं, म्हणून मोठ्या माणसाचं रक्त निगेटिव्ह आलं तरी लघवीच्या सॅम्पलमध्ये सापडू शकतं. डिलीशनचं तर उलटसुलट आहे, पिअरसनच्या बाळात रक्तातच दिसतं, मोठ्यांत बऱ्याचदा रक्तात काहीच नाही आणि स्नायूच्या तुकड्यात दिसतं. "रक्ताची जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न, कुठला डीएनए बघितला आणि कुठल्या सॅम्पलमधून. साधी एक्सोम टेस्ट (केंद्रकातल्या जीनचे प्रोटीन बनवणारे भाग वाचणारी) माइटोकॉन्ड्रियाचा डीएनए बघेलच असं नाही.

आणि रक्त चढवायची वेळ आली तर जमेल तेवढे सॅम्पल चढवायच्या आधी काढून घ्या. नंतर सीबीसी, स्मिअर, हिमोग्लोबिनचे प्रकार ह्या सगळ्यात दुसऱ्याच्या पेशी मिसळलेल्या असतात.

लॅक्टेट हा तर स्वतंत्र वैताग. पट्टा आवळून, मूठ उघडमिट करायला लावून, रडणाऱ्या पोराला चार जणांनी धरून काढलेलं लॅक्टेट वर येणारच. पट्टा न लावता किंवा अगदी थोडा वेळ लावून, शांत असताना, ग्रे टोपीच्या ट्यूबमध्ये, बर्फावर आणि लगेच लॅबला. साधारण २ मिलिमोल म्हणजे १८ मिलिग्रॅमपर्यंत नॉर्मल धरतात, दोन रिपोर्टांची युनिट वेगळी असतील तर घाबरायच्या आधी ९ ने गुणा किंवा भागा. रिपोर्टाच्या कडेला "खूप रडला" असं लिहून ठेवा, वर्षभराने कामाला येतं. नॉर्मल लॅक्टेट आलं म्हणून आजार नाही असंही नसतं.

पायरी ६: उपचारात कुठे डोळे उघडे ठेवायचे

सायडरोब्लास्टिक अ‍ॅनिमिया आहे म्हटल्यावर बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन देऊन बघतात, एएलएएस२ च्या बऱ्याच पेशंटना उपयोग होतो, पिअरसनमध्ये होत नाही. डोस डॉक्टर ठरवतील, बी६ जास्त दिवस जास्त घेतलं की त्यानेच नसा बिघडतात.

रक्त चढवायला लागलं की लोहाचा हिशोब सुरू. एका पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असतं आणि शरीर दिवसाला १ ते २ मिलिग्रॅमच बाहेर टाकतं. म्हणून पिशव्यांची वही ठेवा, तारीख आणि किती मिली. पुढे लोह काढायची औषधं लागतात आणि इथे माइटोकॉन्ड्रियावाल्यांची खरी पंचाईत आहे, कारण प्रत्येक औषध नेमकं आपल्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवतं. डेफेरिप्रोनने न्यूट्रोफिल एकदम शून्याकडे जाऊ शकतात, आणि ते आधीच कमी. डेफेरासिरॉक्स किडनीला त्रास देऊ शकतं, पिअरसनमध्ये किडनीच्या नळ्या आधीच गळक्या असतात. डेफेरोक्सामिन कान आणि डोळ्यांवर जाऊ शकतं. कुठलंही निवडलं तरी सुरू करायच्या आधी त्या त्या अवयवाची बेसलाइन टेस्ट करून घ्या, नाहीतर नंतर काय औषधाने झालं आणि काय आजाराने हे कुणालाच सांगता येत नाही. आणि ह्यांत कुणीही एकटा ब्लड स्पेशालिस्ट किंवा एकटा न्यूरोलॉजिस्ट पुरत नाही, दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं काम नाइलाजाने आपलं.

न्यूट्रोफिल कमी असतील तर तापाचा प्लॅन कागदावर हवा. एएनसी ५०० च्या खाली आणि ३८ डिग्रीच्या वर ताप म्हणजे "उद्या दाखवू" नाही, रात्री दोन वाजता असला तरी इमर्जन्सी, रक्ताचं कल्चर आणि शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात. पॅरासिटामॉल देऊन ताप झाकून वाट बघू नका. वारंवार इन्फेक्शन होत असतील तर जी-सीएसएफचं, म्हणजे न्यूट्रोफिल वाढवणारं इंजेक्शन देतात, बार्थमध्ये त्याचा चांगला उपयोग होतो. तापात खाणं बंद झालं तर माइटोकॉन्ड्रियाच्या पेशंटला उपाशी ठेवून चालत नाही, ग्लुकोजचं सलाइन लागतं, आणि लॅक्टेट वर असेल तर रिंगर लॅक्टेट टाळलेलं बरं असं बरेच तज्ज्ञ सांगतात, हेही त्याच कागदावर डॉक्टरांकडून लिहून घ्या.

डायबिटिस असेल आणि सोबत अ‍ॅनिमिया असेल किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर एचबीए१सीवर (दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) विश्वास ठेवू नका, पेशींचं वय बदललं की तो आकडाच खोटा होतो, रोजची शुगर बघा. आणि एसजीओटी-एसजीपीटी वर आलं की लगेच लिव्हर म्हणू नका, ते स्नायूतूनही येतं, सोबत सीके (स्नायूसाठी) आणि जीजीटी (लिव्हरसाठी) करायला सांगा.

फाईल

आमच्या फाईलचं पहिलं पान म्हणजे एक तक्ता आहे, आडव्या रांगेत तारीख, हिमोग्लोबिन, एमसीव्ही, एएनसी, प्लेटलेट, फेरिटिन, आणि शेवटी "तेव्हा काय चाललं होतं" असा मोठा रकाना. ताप, नवीन औषध, रक्त चढवलं, सगळं त्यात. नव्या डॉक्टरांनी जाडजूड फाईल कधीच पूर्ण वाचलेली नाही, पण हे एक पान प्रत्येकाने वाचलंय. दुसऱ्या पानावर आजाराचं नेमकं नाव आणि जीन, टाळायची औषधं, तापाचा प्लॅन, कुणाला फोन करायचा. आणि त्याच पानावर खाली लाल पेनाने, माझ्या अक्षरात, "फेरिटिन बघितल्याशिवाय लोह देऊ नये".